उमाजीचा हात टीव्हीवर

उमाजीच्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठला, असं राजुऱ्याच्या पंचक्रोशीत कधी घडलं नव्हतं. लग्न कोणाचंही असो, वाढायला उमाजीच. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला, की हा बोटांच्या फटीतून रस्सा सोडायचा आणि वर म्हणायचा, "घ्या ना भाऊ, लाजता काऊन?"

पोटापाण्यासाठी तो चंद्रपुरातल्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्याचा साळा सुरेंद्र मात्र त्याला चारचौघांत 'भांडेघाशा' म्हणायचा, आणि ते उमाजीला मरळ माशाच्या काट्यासारखं सलायचं. म्हणून त्या हॉटेलाच्या रसोईत नटनट्यांची टीव्हीवरची स्वयंपाकाची स्पर्धा ठरली आणि उमाजी एका नटीचा मदतनीस झाला, तेव्हा त्यानं गावभर सांगून टाकलं, "टीव्हीवर दिसीन मी. सुरेंद्रले पुढं बसवजा!"

शूटिंगच्या दिवशी कळलं, मदतनिसानं कॅमेऱ्यात यायचंच नाही. कांदा कापून द्यायचा अन् ओट्याखाली दडायचं. सकाळभर उमाजी तिथं उकिडवा. वरून नटी विचारायची, "भैया, मछली पक गई क्या?"

खालून उत्तर, "बाई, अजून कढईत टाकलीच नाई तुमी!"

एकदाचा मरळीचा रस्सा झाला. परीक्षक आले, गॉगल कपाळावर. चमचाभर रस्सा चाखला, डोळे मिटून "वाह!" म्हणाले आणि ताट बाजूला सारलं.

उमाजीच्या अंगावर काटाच आला. एका घासावर ताट सारणं म्हणजे सोयरीक मोडणं! तो भाताचं पातेलं घेऊन उठलाच.

"भाऊ, असं ताट सारू नोका. पोरीचं मन मोडते."

"अरे, मुझे सिर्फ चखना है!"

"चाखलं ना? आता जेवा."

परीक्षकांनी ताटावर आडवा हात धरला. बिचाऱ्यांना उमाजी ठाऊक नव्हता. "कट! कट!" ओरडत दिग्दर्शक धावत आला, तर त्याच्याही हातात ताट आलं. बाकीच्या नटांचे पदार्थ त्या दिवशी झाकूनच राहिले.

कार्यक्रम लागला तेव्हा उमाजीच्या अंगणात पंगत बसली होती. टीव्ही ओसरीवर, सुरेंद्र सगळ्यात पुढं. उमाजीचा चेहरा काही दिसेना. दिसला तो फक्त परीक्षकांच्या ताटात वाढणारा, पळी धरलेला हात.

"हात काय, कोणाचाबी असू शकते," सुरेंद्र म्हणाला.

तेवढ्यात टीव्हीतून आवाज आला, "घ्या ना भाऊ, लाजता काऊन?"

अख्खं अंगण खदखदून हसलं. उमाजीची बायको चंदाबाई भावाला म्हणाली, "आता आवाजबी कोणाचाबी असते का रे?"

सुरेंद्र आपल्या ताटाकडं वळला. मागं उमाजी रस्सा घेऊन उभाच होता. साळ्यानं या खेपेला ताटावर हात आडवा धरलाच नाही.