पडद्याची कड

उजाडलं की सुगुणा तेंदूची पानं ओल्या पोत्यातून काढून विड्या वळायला बसते, तशी त्या दिवशीही बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, उजव्या हाताशी कात्री आणि पानावर ठेवून कापायचा पत्र्याचा चौकोनी तुकडा. तेलंगणातल्या मेटपल्लीत त्यांच्या गल्लीत सकाळी सातला कुठल्याही घरात डोकावलं तरी हेच दिसतं. वाऱ्यानं तंबाखू उडते म्हणून दार लोटलेलं होतं. राजेशम खिडकीपाशी चहा घेऊन बसला होता. रात्रीचा भात कांदा-मिरची कालवून तिनं त्याच्यापुढे ठेवला होता, त्याला हात लागला नव्हता. गुरुवारी हळदीच्या गिरणीवाल्या भूमन्नाच्या मुलीचं लग्न होतं, आणि फोटो काढायचं लग्न जवळ आलं की नवऱ्याची भूक पळते, हे सुगुणाला बावीस वर्षांत पाठ झालं होतं.

नवा कॅमेरा त्याच्या हातात होता. डोळ्याला लावून तो लेन्सची कड फिरवत होता, आधी दाराच्या कडीवर, मग कोपऱ्यातल्या घागरीवर, मग तिच्यावर.

"हलू नको जरा," तो म्हणाला.

"मी नाही हलले तर उद्याचा चहा काय कॅमेऱ्यातून गाळणार तुम्ही?" तिनं हात थांबवले नाहीत.

तेवढ्यात दार वाजलं. दोनदा, हळूच.

राजेशमनं उठून उघडलं तर दारात भूमन्ना. भूमन्ना दार वाजवणारा माणूस नव्हता. तो गल्लीच्या तोंडापासून हाका मारत यायचा, वाटेतल्या दोन घरांची चौकशी करत, आणि आत शिरून पाण्याचा तांब्या स्वतःच उचलायचा. आज चपला काढून उभा राहिला. बारमाही हळदीनं पिवळ्या झालेल्या भुवया, खांद्यावर टॉवेल, आणि काखेत दुसऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, जड.

सुगुणानं सूप बाजूला सारून त्याला बसायला चटई दिली. चहा घेणार का विचारलं, तर नको म्हणाला. भूमन्ना चहाला नको म्हणाला, तेव्हा तिला टॉवेलात काय आहे ते कळून चुकलं.

त्यानं ते मांडीवर घेऊन उलगडलं. काचेची चौकट. आत त्याच्या भाचीचा, शिरीषाचा, लग्नातला फोटो, जिरं-गुळाच्या क्षणाचा. पाटावर समोरासमोर बसलेली नवरानवरी, दोघांच्या मधला पडदा नुकताच खाली ओढलेला, आणि दोघांचे हात एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ दाबून धरलेले. एकमेकांना पहिल्यांदा बघतात तो क्षण. आल्बमातला तळहाताएवढा छोटा फोटो जगत्यालच्या लॅबमध्ये नेऊन भूमन्नानं मोठा करून घेतला होता. शिरीषाचा नवरा लग्नानंतर सोळाव्या दिवशी मस्कतला गेला. ती सासरी एकटी. तिनं मामाकडे एवढंच मागितलं होतं, तो फोटो भिंतीवर लावायला मोठा करून दे.

"बघ," भूमन्ना म्हणाला, आणि चौकट राजेशमच्या हातात दिली.

फोटोत पडद्याची अलीकडची कड धरलेली एक मूठ होती. पडदा मामानंच धरायचा असतो, म्हणून ती भूमन्नाची. इतकी लख्ख, की नखांतली हळद दिसावी, बोटांवरचे केस मोजावेत, अंगठीच्या खड्यातली भेग दिसावी. मुठीच्या मागं हातभर अंतरावर शिरीषा आणि तिचा नवरा, चुलीवरच्या वाफेत धरल्यासारखे. नाक आहे हे कळत होतं. डोळे कुठं बघतायत ते कळत नव्हतं.

"लग्न माझ्या मुठीचं झालं का रे ते?" भूमन्ना हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "भिंतीवर काय म्हणून लावेल पोरगी? आमचे मामा?"

सुगुणानं नजर सुपाकडे वळवली.

राजेशमचं घराणं मागावरचं. बापाचा माग बंद पडला तेव्हा पंधराव्या वर्षी काकाबरोबर तो भिवंडीला गेला. तिथं यंत्रमागावर राहायचं सोडून एका स्टुडिओत झाडू मारायला लागला आणि पाच वर्षांनी गळ्यात कॅमेरा घालून परत आला. त्यानंतर मेटपल्लीतल्या अर्ध्या घरांच्या भिंतींवर त्यानं काढलेली लग्नं लागली. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यात बघितलं की मधोमध एक गोल दिसायचा आणि त्यात समोरचा चेहरा दोन तुकड्यांत कापलेला असायचा. कड फिरवत न्यायची, तुकडे जुळले की बटण दाबायचं. त्याचे तुकडे कधी चुकले नाहीत. वर फ्लॅशचा उजेड असा, की मांडवाच्या खांबापासून मागं उभ्या आत्याच्या सोन्याच्या दातापर्यंत सगळं स्वच्छ यायचं.

मग रीळ धुणारेच उरले नाहीत. काही वर्षं दुबईहून आलेल्या कुणाच्या तरी छोट्या कॅमेऱ्यावर त्यानं भागवलं. पण गिऱ्हाईक बदललं. शहरातल्या लग्नाचे आल्बम मोबाइलवर फिरायला लागले, आणि लोक येऊन सांगायला लागले की आम्हालाही तसले पाहिजेत, ज्यात मागचं सगळं विरघळून जातं आणि माणूस तेवढा उरतो.

दोन महिन्यांपूर्वी सुगुणाची भिशी लागली. चाळीस हजार. त्यात जे बसेल ते, असं ठरवून राजेशम हैदराबादला कोठीच्या बाजारात गेला आणि दुकानातूनच त्यानं तिला फोन लावला. काचेवर तीन कॅमेरे मांडलेत म्हणाला. पहिला इतका महाग, की त्याला हात लावण्यात अर्थ नाही. दुसरा चांगला आहे, पण मग हातात लेन्स एकच, कॅमेऱ्याच्या जोडीला येते ती, आणि ती मांडवातल्या उजेडात आंधळी. तिसरा साधा. त्यात पैसे उरतात, आणि उरलेल्या पैशात दोन जुन्या चांगल्या लेन्स येतात, एक लांबचं ओढणारी आणि एक पन्नास मिलिमीटरची. ती पन्नासची मांजराच्या डोळ्यासारखी उघडते म्हणाला, दिव्याच्या उजेडात फोटो काढते, मागचं सगळं विरघळवते. फक्त या साध्या कॅमेऱ्यात लेन्स फिरवणारी मोटर नाही, आणि या जुन्या लेन्सना स्वतःची नाही. कड हातानं फिरवावी लागेल. दुकानदार सांगतो की पैसा काचेत घालावा, कॅमेरा काय तीन वर्षांत म्हातारा होतो.

सुगुणानं सगळं ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "तिन्हींतून बघितलंत का? नीट कशातून दिसतं?"

तो हसला होता. "अगं, काच बघते. आपण नुसतं धरून उभं राहायचं. आणि हातानं तर मी तीस वर्षं फिरवतोय."

ते खरंच होतं. त्या साध्या कॅमेऱ्याचं बघायचं भोक कुलपाच्या भोकाएवढं आहे आणि त्यात कापलेला चेहरा नाही, हे त्यानं घरी आल्यावर सांगितलं. सवय होईल म्हणाला. चष्मा वर्षभरात दोनदा बदलून झाला होता, त्याबद्दल कुणीच काही म्हणालं नाही.

तीस वर्षं करत आला होता तेच त्यानं शिरीषाच्या लग्नात केलं. मुहूर्ताच्या आधी मामाच्या मुठीवर कड जुळवून ठेवली. नवरानवरी हलतात, भटजी मध्ये वाकतात, वऱ्हाडी ढकलतात. एक पडदा धरणारी मूठ तेवढी हलत नाही. जुन्या कॅमेऱ्याला मूठ आणि चेहरे यांच्यातलं हातभर अंतर कळायचंही नाही, दोन्ही सारखेच स्वच्छ यायचे. पण ही नवी काच पूर्ण उघडली की वीतभरसुद्धा खोल बघत नव्हती. तिला मूठ दाखवली, तिनं मूठ धरली. विरघळवायला सांगितलं होतं, तर मुठीमागचं सगळं विरघळवलं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यात मात्र सगळं छान दिसत होतं. तिथं सगळंच छान दिसतं.

सुगुणाला ते महिन्यापूर्वीच दिसलं होतं. आल्बमच्या पानांत फोटो सरकवण्याचं काम तिचं. तेंदूच्या पानाचा एक देठ जास्त राहिला तरी तिच्या बोटांना आणि डोळ्यांना कळतो, तिला ती मूठ कळणार नाही असं कसं होईल? फोटो हातात धरून ती थोडा वेळ थांबली होती. छोटा आहे, चालून जाईल, असं म्हणून तिनं तो पानात सरकवला होता. नवऱ्याला काही बोलली नव्हती. आता मांडीवर सूप नव्हतं तरी तिची बोटं विडी वळल्यासारखी हलत होती.

भूमन्ना सांगत होता की आपण भांडायला आलो नाही. त्या क्षणाचा दुसरा एखादा असेल, तो द्यावा. एवढे खटखट आवाज ऐकू आले होते, त्यातला एकतरी बरा असेलच.

राजेशम म्हणाला, "सतरा आहेत."

"मग?"

"सतराही मुठीवरच जुळवलेले आहेत."

भूमन्ना म्हणाला, पुन्हा बसवावं का दोघांना, जावई दिवाळीला आला की? आणि म्हणता म्हणता स्वतःच मान हलवली. जिरं-गूळ म्हणजेच लग्न. भटजी घड्याळाकडे डोळा लावून बसतात, बँडवाले मिनिटावर वाजवतात. ते दुसऱ्यांदा करायचं म्हणजे पहिलं झालंच नाही म्हणायचं. पोरीच्या सासूनं ऐकलं तर काय म्हणेल?

राजेशमनं चौकट खिडकीच्या उजेडात धरली. जवळ आणली, लांब नेली. चष्मा काढून बघितलं, पुन्हा लावून बघितलं. अंगठ्यानं काच पुसली. मग सुगुणाकडे वळून अगदी साध्या आवाजात त्यानं विचारलं, "चेहरे ठीक आहेत ना गं?"

तो बचावासाठी विचारत नव्हता. त्याला खरंच तसं दिसत होतं. मूठ आणि चेहरे त्याला सारखेच दिसत होते, सगळं जग हल्ली जसं दिसत होतं तसेच. भूमन्नाला ते समजलं आणि तो जमिनीकडे बघू लागला.

हो म्हणावं असं सुगुणाच्या ओठांवर आलं होतं. महिन्याभरापूर्वी न बोलून ती तेच म्हणाली होती.

"नाहीत," ती म्हणाली. "पुसट आहेत. मला तेव्हाच दिसले होते."

राजेशमनं मान डोलावली. चौकट टॉवेलात परत गुंडाळली, गाठ मारली, गाठ नीट बसली का ते बोटांनी चाचपलं.

मग भूमन्नानं पुढचं सांगितलं, भिंतीकडे बघत. गुरुवारचं. मेहुणा म्हणतोय जगत्यालची पोरं बोलवू, त्यांचे दोन-दोन कॅमेरे असतात, वरून फिरवायचा दांडा असतो. बायकोही तेच म्हणते. आपण अजून कुणाला होकार दिलेला नाही. आपलं स्वतःचं लग्न राजेशमनं काढलं, बापाच्या तेराव्याला भिंतीवर लावलेला फोटो राजेशमचा. "मी त्यांना म्हणालो, आधी त्याला विचारतो. तू सांग. जमेल म्हणालास तर तुझंच. मी कुणाचं ऐकणार नाही." आणि सुगुणाकडे वळून, "वदिना, तू तरी सांग याला. मी पोरीचा बाप आहे. आता माझी मूठसुद्धा नाही तिथं, ती माझ्या मेहुण्याची."

सुगुणानं मनातल्या मनात सगळं करून बघितलं. कॅमेरा परत द्यावा, तर कोठीचा दुकानदार दोन महिन्यांनी जुना माल घेणार नाही. लेन्स विकावी, तर मेटपल्लीत घेणार कोण? मोटर असलेला कॅमेरा आणावा, तर भिशी पुन्हा लागायला अजून दीड वर्षं. पन्नासची काच थोडी मिटून फ्लॅश मारावा, तर मग तेच जुने फोटो, ज्यांना लोक नाकं मुरडतात; आणि तेही चार हात लांबची मूठ त्याला दिसली तर. कुठूनही धरलं तरी शेवटी नवऱ्याच्या डोळ्यांपाशी येऊन थांबत होतं, आणि डोळे कोठीच्या बाजारात मिळत नव्हते.

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो कॅमेरा मांडीवर घेऊन कड फिरवत होता, न बघता, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. शेवटी त्यानं झाकण लेन्सवर बसवलं.

"जगत्यालची पोरं बोलव," तो म्हणाला. "जिरं-गूळ त्यांना काढू दे. मंगळसूत्रही त्यांना काढू दे. मी मागं उभा राहीन, त्यांच्या मध्ये येणार नाही." भूमन्ना काही बोलायला गेला, त्याला त्यानं हातानं थांबवलं. "मला फक्त तलंब्रालु काढू दे. दोघं एकमेकांच्या डोक्यावर हळदीचे तांदूळ ओततात, हसतात, खेळतात, तेवढं. तिथं मी पुन्हा ओता म्हणालो तर कुणाचं काही जात नाही."