पाटीखालचं पाऊल

विंचूरजवळच्या आमच्या गावात चोरी झाली की तालुक्याहून फौजदार घोड्यावर बसून येई, आल्या आल्या यादवला धरी आणि जेवणाआधी तपास संपवी. यादवनं तरुणपणी कुणाची तरी कणसं चोरली होती, एवढाच पुरावा. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार पाहून माझं डोकं फिरायचं.

चौतीस सालच्या माघात सकीनाची म्हैस चोरीला गेली. नवऱ्यामागं तिचं घर त्या म्हशीवरच चाललं होतं.

पुंजा गावचा जागल्या. गस्त घालायची आणि चोराचा माग काढायचा, हे त्याचं पिढीजात काम. सकाळी तो सकीनाच्या गोठ्याशी वाकला आणि ओल्या मातीतलं एक पाऊल बराच वेळ न्याहाळत राहिला. मग शेणाची पाटी मागून त्यानं ती पावलावर पालथी घातली, वर धोंडा ठेवला.

"भाबी, फौजदारसाहेब येस्तवर हिला कुनाला हात लावू देऊ नको. मला बी नाय."

आम्ही हसलो. फौजदार आला, रिवाजाप्रमाणं यादवला लिंबाला बांधलं. या खेपेला वर्षभराची तरी सजा, असं तो म्हणाला. यादव रडायलाच लागला.

पुंजानं हात जोडले. "साहेब, आधी पाटी उचला. मंग याला न्या."

पाटीखाली ठसा जसाच्या तसा होता. पुंजानं यादवला शेजारी पाऊल टाकायला लावलं. त्याचं पाऊल आखूड, रुंद. ठशातलं लांब, अंगठा आत वळलेला. फौजदारालासुद्धा दिसलं, म्हणजे बघा.

"मग हे कुणाचं?"

पुंजा माग धरून चालू लागला. ओढ्यापलीकडे बाभळींत म्हैस बांधलेली सापडली, देवळ्याच्या बाजारी न्यायला लपवलेली. तिथून तेच पाऊल गावाकडं परतलं आणि थेट पुंजाच्याच दारात थांबलं. आत त्याचा घरजावई भाकरी खात बसला होता.

यादव सुटला, सकीनाची म्हैस घरी आली. फौजदाराला वरून शाबासकीचं पत्र मिळालं, पुंजाला साधं पागोटंही नाही. पोलीस म्हटलं की लोकांना घोडा आणि पट्टा आठवतो. मला आठवतो तो अनवाणी माणूस. इतका खरा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

संध्याकाळी त्याच्या घरात ठमाबाई, त्याची एकुलती लेक, बापाच्या नावानं आक्रोश करत होती. तो बाहेर ओट्यावर बसला होता. मी शेजारी टेकलो.

"पुंजा, तुला कधी कळलं रे?"

"सकाळीच, मास्तर. तीन वर्सं त्यो पाय अंगनात बघतोय."

"मग लगेच ठसा पाटीखाली कशाला झाकलास?"

त्यानं आतल्या रडण्याकडं कान दिला.

"नायतर मीच पुसला असता."