भावोजींचा काळा साका
भावोजींचा हात मुळातच सैल. चहा ओतायचे तो बशीत सांडेपर्यंत, कुणी पत्ता विचारला तर कोपऱ्यापर्यंत सोडायला जाणार, पार्सलला तीन-तीन गाठी. ताई म्हणायची, ह्या माणसाला 'पुरे' म्हणायला कुणी शिकवलंच नाही. मी त्यांची मेहुणी, शिवाय त्यांच्याच कारखान्यात आवक-जावक टेबलावर बसणारी. म्हणजे त्यांची थट्टा करायचा मला दुहेरी हक्क.

कारखान्यात जुन्या मोटारगाड्यांच्या धुराच्या नळ्यांतला माल येतो. त्यात पॅलेडियम नावाचा महागडा धातू असतो, चिमूटभर. तो किती आहे हे सव्वीस वर्षं भावोजीच सांगत आले. माल आम्लात विरघळवायचा, बाकीचे धातू आधी वेगळे काढायचे, मग आयोडाइडचं पाणी ओतायचं. पॅलेडियम आणि आयोडीन एकमेकांना धरतात आणि काळा साका तळाशी बसतो. तो गाळायचा, वाळवायचा, काट्यावर तोलायचा. एवढं मलाही पाठ झालंय, कारण जेवताना त्यांच्याकडे दुसरा विषय नसायचा.

यंदा मात्र गाडी रुळावरून घसरली. माल पाठवणाऱ्यांचा आकडा एक, भावोजींचा त्याहून कमी. एकदा झालं, दोनदा झालं, मग दर वेळी तेच. गाळून खाली उतरलेलं पाणी लालसर-तपकिरी दिसायचं, पण थोडं आयोडीन सुटलं की पाणी तसं होतंच, म्हणून त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. नमुन्याला हात लावणारे भावोजी एकटेच. शेवटी नोटीस निघाली: सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर कामावरून कमी. त्या नोटिशीवर जावकचा शिक्का मीच मारला.

मग घरात जे सुरू झालं ते मला अजून उमगलेलं नाही. भावोजी स्वतःचेच खिसे उलटे करू लागले. पँट धुताना काही काळं सापडलं का, म्हणून ताईला विचारलं. डब्याची पिशवी झटकली, चपला आपटून पाहिल्या. ताई आधी वैतागली, मग रडली, आणि मग ते अंघोळीला गेलेले असताना तिनेच गुपचूप त्यांचं कपाट उपसलं. हे कळल्यावर मी तिला चांगलं फैलावर घेतलं. आणि घरी येऊन मीच विचार करत बसले, की एवढीशी, एवढी महाग वस्तू, माणसाला मोह झालाच असेल तर? मला माझीच लाज वाटली, पण तो विचार काही डोक्यातून जाईना.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर एक बंद पाकीट ठेवलं. खुलासा होता. उघडायचा मला अधिकार नव्हता. शिक्का मारला आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंकडे पाठवून दिला. बाई नव्या, मोजकं बोलणाऱ्या. तासाभरात त्यांनी भावोजींना बोलावलं, आणि नोंद घ्यायला मलाही. माझ्यासमोर एकदा करून दाखवा, एवढंच त्या म्हणाल्या.

भावोजींनी आयोडाइड ओतलं. काळा साका झाला. झालं, असं मला वाटलं, पण त्यांनी बरणी खाली ठेवलीच नाही. ओतत राहिले. काळं विरळ होत गेलं, वरचं पाणी लाल झालं.

"एवढं कशाला?" बाईंनी विचारलं.

"काही मागे राहायला नको, म्हणून थोडं जास्त."

आधीही एवढंच घालायचात का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा उलगडा झाला. जुना भांडारवाला एक नंबरचा चिकट. मोजून कुपीभर आयोडाइड द्यायचा, वर कुरकुरायचा. तो यंदा निवृत्त झाला आणि नव्या भांडारवाल्याने अख्खी बरणीच हातात दिली. आयोडाइड बेताचं असेल तर साका बसतो, फार झालं तर तोच साका परत विरघळतो आणि गाळणीतून पाण्याबरोबर निघून जातो. पॅलेडियम कुणी नेलं नव्हतं, ते त्या लाल पाण्यातच होतं. इतकी वर्षं त्या चिकट माणसानेच आकडा सांभाळला होता, आणि भावोजी त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

बाईंनी नव्याने नमुना घ्यायला लावला. या वेळी आयोडाइड मोजून, बेताचं. गाळणं, वाळवणं, तोलणं यात संध्याकाळ झाली. भावोजींनी आकडा तीनदा वाचला. तो पाठवणाऱ्यांच्या आकड्याशी जुळत होता. मला तिथेच रडू फुटलं. भावोजी मात्र काट्याकडेच बघत उभे होते.

बाईंनी खणातून सकाळचं पाकीट काढलं आणि फाडून टाका म्हणून माझ्या हातात दिलं. मी आधी वाचलं. आत दोनच ओळी: 'पॅलेडियम माझ्याकडूनच गेलं असणार. कधी आणि कसं, ते आठवत नाही. जी शिक्षा होईल ती मान्य आहे.'

माझं डोकंच फिरलं. बाईंसमोरच मी त्यांना विचारलं, जे केलंच नाही त्याची कबुली कशी काय दिलीत?

भावोजींनी काट्याचं काचेचं दार हळूच लावलं.

"सव्वीस वर्षांत हा कधी चुकला नाही गं," ते म्हणाले. "मग मीच उरलो ना?"