भुशाची भिंत भट्टीसमोर

ग्लेनिस ट्रेगेन्झाचा हात फिरला की भिंतीला रूप येतं, असं ऑस्ट्रेलियातल्या बेगा खोऱ्यात सगळे म्हणायचे. तीस वर्षं तिनं लोकांच्या घरांना गिलावा केला. वणव्यात तिचं स्वतःचं घर गेलं, तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. महिनाभर ती राख उपसत राहिली. मग एक दिवस शेजारच्या कॉलिनच्या शेडमध्ये तिला भुशाचा ढीग दिसला.

कॉलिन धाग्यासाठी भांगेच्या जातीचं पीक घ्यायचा. बिननशेचं, सरकारी परवान्याचं. धागा काढला की काड्यांचा भुसा उरायचा. हा भुसा चुन्यात कालवून साच्यात ठोकला की जाड, हलकी भिंत होते, सिमेंट लागत नाही, हे ग्लेनिसनं ऐकलं होतं. तिनं एक ठोकळा केला, वाळू दिला आणि त्यावर गॅसची ज्योत धरली. पुढून तो काळा पडला. मागून तिनं गाल टेकवला, तर गार!

"कॉलिन! अरे, गार आहे! हात लावून बघ!"

आता आपलं घर याचंच बांधायचं म्हणून दुसऱ्याच दिवशी ठोकळा काखेत मारून ती बांधकाम परवाने देणाऱ्या द्रागान पेट्रोव्स्कीकडे गेली. त्यानं ठोकळा उलटसुलट करून पाहिला.

"बाई, वणव्याच्या पट्ट्यात कुठल्या भिंती चालतात ते नियमांत लिहिलंय. भुसा त्यात नाही."

"नाही म्हणजे बंदी आहे?"

द्रागाननं ठोकळा परत दिला. "बंदी नाही. पण मग तुम्हाला सिद्ध करावं लागेल. मान्यता असलेल्या चाचणीच्या भट्टीत, पुऱ्या मापाची भिंत, पूर्ण एक तास. टिकली तर सही करतो."

"पेन भरून ठेव."

सिडनीच्या प्रयोगशाळेत लोखंडी चौकटीत तिनं स्वतः भिंत ठोकली, तीन मीटर उंच. ती वाळायला दोन महिने गेले. चाचणीच्या दिवशी द्रागानही आला. त्याला यायची गरज नव्हती.

भट्टी पेटली. आगीची बाजू पलीकडे, माणसं अलीकडे. कॉलिन म्हणाला, "भिंत पेटलीच तर खिडक्या उघडू नका रे, फुकटची मजा वाया जाईल!"

"नशा नाही त्यात, गाढवा. तुझ्याच शेतातलं आहे," ग्लेनिस म्हणाली. तिची नजर मात्र तापमानाच्या आकड्यावर खिळलेली होती.

चाळिसाव्या मिनिटाला वरच्या कोपऱ्यातून पांढरी रेघ निघाली. ग्लेनिसनं बोट दाखवलं. "धूर!"

यंत्रावरची तालिया फोनोटी वाकून बघत म्हणाली, "वाफ आहे. चुन्यातलं पाणी निघतंय. आत नऊशे अंश झालेत, बाई, आणि तुमच्या बाजूला तीस!"

पन्नास मिनिटं. पंचावन्न. द्रागान खुर्चीवरून कधी उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. साठ झाले आणि तालियानं हात वर केला.

"बंद करू नकोस!" ग्लेनिस ओरडली. "किती टिकते ते तरी बघू!"

"चालू राहू दे!" द्रागान तिच्याहून मोठ्यानं ओरडला.

दीड तासानं तालियानंच भट्टी बंद केली. पुढची वेळ दुसऱ्या कुणाची होती. ग्लेनिसनं कॉलिनला अशी मिठी मारली की त्याचा चष्मा पडला.

अहवाल हातात आला त्याच आठवड्यात द्रागाननं सही केली. वर म्हणाला, "बाई, याच जाडीची, याच मापानं कालवलेली भिंत असेल, तर हा अहवाल दुसऱ्यांनाही दाखवता येईल. मात्र तुमची परवानगी हवी."

तिनं तिथेच परवानगी लिहून दिली. दोन वर्षांत त्या खोऱ्यात अशी सात घरं उभी राहिली, आणि सातही घरांचा भुसा कसा कालवायचा ते शिकवायला ग्लेनिस पहाटेच हजर असायची. तिचं स्वतःचं घर त्यामुळे सगळ्यात शेवटी पुरं झालं. कुणी त्यावरून चिडवलं, तर ती म्हणायची, "घाई कसली? माझा हात आता कुठे बसतोय!"