कलती खाट

पुण्याच्या डॉक्टरांनी वडिलांच्या काचबिंदूबद्दल सगळं इंग्रजीत सांगितलं, तेही त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणूनच वडिलांनी मला बरोबर नेलं होतं. डोळ्यातला दाब रात्री, आडवं झाल्यावर वाढतो. दुखत नाही, कळत नाही. कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही. मी ते मराठीत सांगत गेले. वडील मान हलवत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

लोणावळ्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मग खाटेच्या उशाकडच्या पायांखाली रुळांखालच्या जुन्या स्लीपरचे लाकडी ठोकळे आले. दूध घालायला येणाऱ्या मावशी ती कलती खाट बघून म्हणाल्या, "भाऊ, झोपंत घसरून रुळावर जाल की."

"रूळ आमचेच आहेत, मावशी."

आई हसली नाही.

डॉक्टरांनी झोपताना डोळ्यांत घालायला सांगितलेले थेंब मी घालायचे. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी व्हायची, आणि दिवा चालू असूनही वडील चाचपडत तांब्या शोधायचे. ते मला बघवत नसे.

वडील स्टेशनात तारबाबू होते. त्यांची रात्रपाळी सुरू झाली आणि थेंबांची बाटली फळीवरच राहिली.

"झोपताना घालायचा ना? मी तर जागा असणार," ते म्हणाले. "सकाळी आलो की घाल. आमची रात्र तेव्हाच."

"बरोबरच आहे," आई म्हणाली.

थेंब घातल्यावर त्यांना तारेचा कागद वाचता येत नसे, हे दोघंही बोलले नाहीत. डॉक्टरांनी 'झोपताना' म्हटलं असलं, तरी त्यांना 'रात्री'च म्हणायचं होतं, असं मला वाटत होतं. मी तोंड उघडलं नाही. त्याऐवजी रोज सकाळी कुंपणाशी, त्यांच्या डाव्या, जास्त बिघडलेल्या डोळ्याच्या बाजूला येईल अशी, गुपचूप उभी राहू लागले.

"अगं, थंडीत काय उभी?" ते म्हणायचे, आणि माझा श्वास सुटायचा.

एका सकाळी ते तसेच पुढे गेले. त्यांची पिशवी माझ्या बाहीला घासली. ओट्यावर बूट काढत त्यांनी आत विचारलं, "पोरगी उठली नाही का अजून?"

"मी इथेच आहे, बाबा. मघापासून."

त्यांनी अख्खी मान वळवली.

"धुकं आहे," ते म्हणाले.

"आज धुकं नाहीये. रात्रीचा थेंब रात्रीच घालायला हवा, बाबा."

संध्याकाळी ड्यूटीवर निघताना त्यांनी बाटली शर्टाच्या खिशात ठेवली, वरून दाबून पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कुंपणाशी गेले. ते लांबून येताना दिसले तशी रस्ता ओलांडून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. डावीकडे थांबायचा धीर मला झाला नाही.