बेडूकताईंचा भाड्याचा महिना

शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पोट उघडून उताणा पडलेला बेडूक असतो. तो कुणीतरी बसून काढलेला असतो, हे मुलांच्या गावीही नसतं. या गोष्टीतला बेडूक काढला होता एका बाईंनी, आणि तो इतका झकास उतरला की प्रकाशकाच्या कचेरीत त्यांचं नावच बेडूकताई पडलं. पुढे ते नाव घरापर्यंत पोचलं. हृदय, मूत्रपिंड, डोळा, फुलाचा उभा छेद, सगळं त्यांच्याच हातचं. पण हृदयताई काही कुणी म्हणेना.

ताई काम करायच्या जिन्याखालच्या छोट्या खोलीत. तिथे एक कॉम्प्युटर होता आणि त्यात चित्रं काढायचा प्रोग्रॅम. तो त्यांनी अकरा वर्षांपूर्वी विकत घेतला होता. जाडजूड खोक्यात एक चकती आली होती, आणि किंमत ऐकून नवऱ्याने दोनदा विचारलं होतं, "एवढे पैसे एका चकतीचे?" पण एकदा भरले ते भरले. त्यानंतर त्या प्रोग्रॅमने ताईंपुढे कधी हात पसरला नाही. त्याच्या खोडी त्यांना पाठ झाल्या होत्या. जाड रेघ वळवताना तो क्षणभर अडायचा. तेवढ्यात त्या चहाचा एक घोट घ्यायच्या.

मग एका सकाळी प्रकाशकाकडून बेचाळीस आकृत्या आल्या. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती आणि जुन्या आकृत्यांत दुरुस्त्या हव्या होत्या. ताईंनी पहिली फाइल उघडायला घेतली, तर प्रोग्रॅमने चक्क नकार दिला. दुसरीलाही तेच. त्यांनी कचेरीतल्या संपादिकेला फोन लावला. ती ताईंच्या निम्म्या वयाची, कामाला चोख आणि बोलायला गोड.

"ताई, आमच्याकडे सगळं नव्या प्रोग्रॅमवर गेलंय. तुमचा फार जुना झाला."

"बरं, मग नवा विकत घेते."

"विकत नाही मिळत तो आता. दर महिन्याला पैसे भरायचे. सबस्क्रिप्शन."

"आणि नाही भरले तर?"

"तर बंद पडतो."

"अगं, मग माझी चित्रं?"

"चित्रं तुमचीच, ताई. फक्त उघडायची नाहीत."

ताईंनी फोन ठेवला तो आपटूनच. राग पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा होता. स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र बघायलाही आता कुणाची तरी परवानगी लागणार, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

जेवताना विषय निघालाच. ताईंचा नवरा दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल होतं आणि फळीवर दातांच्या रांगा येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत असायच्या. तो तर भडकलाच.

"म्हणजे उद्या मीही कवळी भाड्याने द्यायची! पहिल्या तारखेला पैसे आले नाहीत की जेवता जेवता माणसाचा जबडा बंद!"

ताईंना हसू आवरेना. हसल्या नाहीत त्या एकट्या सासूबाई. चौतीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसून त्या निवृत्त झाल्या होत्या.

"तू चिडतोस ते बरोबर आहे," त्या मुलाला म्हणाल्या. "पण मी काय पाहिलंय सांगू? विकत घेतलेलं पुस्तक लोक उशाशी ठेवतात आणि झोपतात. परत द्यायच्या तारखेचा शिक्का असला की मुकाट्याने वाचून काढतात." मग सुनेकडे वळल्या. "तू एक महिना घे. एकच. आणि पार पिळून काढ त्याला."

"आणि महिना संपल्यावर, आई?"

"परत करायचा. त्यात काय एवढं!"

कंपनीचे दोन दर होते. वर्षाची हमी दिली तर स्वस्त, एकाच महिन्यापुरता हवा तर महाग. ताईंनी दात-ओठ खात महागडा महिना घेतला आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून कामाला बसल्या. सासूबाईंनी खोलीच्या दारावर तीस चौकोनांचा कागद चिकटवला आणि रोज संध्याकाळी त्यातला एक लाल पेन्सिलीने खोडायला सुरुवात केली. नवऱ्याने भाजी निवडण्यापासून कपडे वाळत घालण्यापर्यंत सगळं अंगावर घेतलं, अर्थात कुरकुरत. नवा प्रोग्रॅम होताही चलाख. रेघ अडत नव्हती, त्यामुळे पहिले चार दिवस ताईंचा चहा रोज निवून जायचा.

एकोणिसाव्या दिवशी बेचाळिसावी आकृती गेली. ताई बाहेर येऊन खुर्चीत कोसळल्या.

"झालं एकदाचं!"

"अकरा दिवस आहेत अजून," सासूबाई कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "भरलेले पैसे असेच सोडणार?"

ताईंना सोडवेना. घरामागे विटांची एक ओलसर भिंत होती, आणि तिच्यावर वावरणारे किडे त्या गेली सहा वर्षं फावल्या वेळात पेन्सिलीने काढत होत्या. कोळी, नाकतोडा, गोगलगाय, मुंग्यांची रांग, एक ऐटबाज चतुर. कधीतरी रंगवू म्हणून वही तशीच पडली होती. आता ती बाहेर आली. सासूबाई जाड भिंगांचा चष्मा लावून भिंतीपाशी स्टूल टाकून बसायच्या आणि कुणाला किती पाय, कोण काय खातं, ते कागदावर लिहून आत पाठवायच्या. अकरा दिवसांत वीस किडे रंगले. इतकी मजा ताईंना कामात कित्येक वर्षांत आली नव्हती.

तिसाव्या दिवशी सबस्क्रिप्शन बंद करायला बसल्या, तर ते निघायचं नाव घेईना. का जाताय? काही चुकलं का? दोन महिने फुकट देऊ का? सासूबाई मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"फुकट देतोय, आई."

"तिसऱ्या महिन्यात बंद करायला विसरशील तू. दाब."

ताईंनी बटण दाबलं. सगळी चित्रं त्यांनी आधीच जुन्या प्रोग्रॅमला समजतील अशा फाइलींत साठवली होती, म्हणून मनाला घोर नव्हता. पण सकाळी जुन्यात चतुर उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. नव्या प्रोग्रॅममध्ये काचेसारखे दिसणारे पंख पत्र्याचे तुकडे झाले होते. आरपार काही दिसेचना.

"केलं काय त्यांनी माझ्या चतुराचं!"

नवरा हात पुसत आला, वाकून बघितलं. "मी दाताची कड पारदर्शक दाखवतो ती काय काच लावून? कडेला रंग फिका ठेवतो, आत जरासा गडद. बघणाऱ्याचा डोळाच फसतो. तूही फसव की."

ताईंनी पंखांखालून जाणारी विटेची रेघ एक छटा फिकी केली, कडेला निळसर झाक दिली. दुपारपर्यंत पंख पुन्हा पंख झाले. नवरा दिवसभर छाती फुगवून फिरत होता.

ते वीस किडे संपादिकेने पाहिले आणि हट्टच धरला. सहा महिन्यांनी लहान मुलांसाठी छोटंसं पुस्तक निघालं, चित्रं ताईंची, माहिती सासूबाईंची, पहिल्या पानावर दोघींची नावं. आता कचेरीचं मोठं काम आलं की ताई वर्षातून दोनदा एकेक महिना भाड्याने घेतात, आणि त्याचे पैसे कचेरीकडूनच वसूल करतात. मागायला लाजल्या नाहीत, एवढंच. बाकीचे दहा महिने त्या आणि त्यांचा अडणारा प्रोग्रॅम.

परवा एका तिसरीतल्या मुलीचं पत्र आलं. पान नऊवरच्या मुंगीला पाचच पाय आहेत, मी तीनदा मोजले, असं तिने ठणकावून लिहिलं होतं. सासूबाईंनी भिंग घेऊन मोजले आणि कपाळाला हात लावला. ताई खोलीत गेल्या, जुना प्रोग्रॅम लावला आणि मुंगीला सहावा पाय काढून दिला. रेघ अडली तेव्हा चहाचा घोट घेतला. मग त्या मुलीला उत्तर लिहायला बसल्या.