बुडाची ज्वारी

मी आर्णीच्या शाळेत पाचवीला हिशेब शिकवत होतो. बाजारातला एक हमाल धापा टाकत वर्गाच्या दारात आला. "मास्तर, हिरामणभाऊले पेवातून काढलं... जीव नाही राह्यला." फळ्यावरचं उदाहरण तसंच अर्धं सोडून मी निघालो. त्याला आता दीड महिना झाला.

हिरामण बाजारात धान्य पारखायचा. त्याचे आजोबा बैलांच्या तांड्यावर मीठ आणि धान्य वाहत. ओलं पोतं आधी बैलाची पाठ खातं आणि मग माणसाचं पोट, असं ते सांगत म्हणे. हिरामणच्या हातात कायम परखी असे. वीतभर लांबीची, टोकदार, खोबणीची लोखंडी नळी. पोत्यात खुपसली की आतले दाणे खोबणीतून तळहातावर येतात. इतर पारखी पोत्याच्या तोंडाशी खुपसत. हा पोतं आडवं पाडून बुडाशी खुपसायचा. व्यापारी चिडवत, "भाऊ, पोत्याचं लगन लावून राह्यला का?" तो म्हणे, "तोंड तर नवरदेवबी धुऊनच येते. बूड दाखवा."

संध्याकाळी तो माझ्याकडे यायचा. मी वाचत बसलेलो असे, तो खिशातले दाणे माझ्या पुस्तकावर ठेवायचा. "वास घ्या मास्तर. हे बी वाचाले शिका." मी कधी नीट शिकलो नाही...

गेल्या हंगामात खळ्यांवर अवकाळी पाऊस पडला. इथल्या एका शेटजींनी भिजलेली ज्वारी तशीच पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल कोठारात, भरली. हिरामणने माझ्यादेखत त्यांना बजावलं होतं, "शेटजी, आठ रोज उन्हात टाका. वली ज्वारी पेवात सडते, अन् आतली हवा माणूस मारते." शेटजी हसले होते.

पेव उघडलं की दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर कोणी उतरायचं नाही. ही इथली जुनी रीत. शेटजींनी पंचांना सांगितलं, की हिरामण दारू प्याला होता आणि कंदील न सोडताच उतरला. जो माणूस दारूच्या नुसत्या वासानं दुकानावरून वाट बदलून जाई, त्याच्याबद्दल हे लिहिलं गेलं, आणि खाली अंगठेही उमटले.

तेरवीच्या जेवणाला शेटजींनी ज्वारीचं पोतं पाठवलं. मागून स्वतःही आले, हात जोडून. हिरामणच्या बायकोनं परखी माझ्या हातात दिली. मी पोतं आडवं पाडलं आणि बुडाशी परखी खुपसली. तळहातावर काळे, चिकटलेले दाणे आले. कुबट वास साऱ्या मांडवात पसरला.

"मास्तर, हे काहून करून राह्यले?" शेटजी म्हणाले.

"वास घ्या," मी म्हणालो.

तेव्हा मागे बसलेला मारोती हमाल उठला. शेटजींचाच माणूस, पंचनाम्यावर अंगठा देणारा. "कंदील सोडला व्हता," तो म्हणाला, "इझला. हिरामणभाऊ म्हणे, आज नाही, उद्या. शेटजी म्हणे, वाऱ्यानं इझला, टरक उभा हाय. मले उतरवलं. मी पडलो... भाऊ मांगून उतरला, त्यानं मले दोरीले बांधलं अन् सोता तिथंच राह्यला." मग तो रडू लागला.

दुसऱ्या दिवशी मारोतीचा जबाब मी माझ्या हातानं लिहिला आणि यवतमाळला जाऊन दिला. पुढे काय होईल, ठाऊक नाही. क्षमा थोर असते असं मी मुलांना शिकवतो. मला ती करायची नाही.

परखी माझ्या टेबलावर पुस्तकांशेजारी असते. बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की ती घेऊन मी शेटजींच्या पोत्यांपाशी उभा राहतो. मला कसलाच अधिकार नाही. पण गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं, मग पोत्याकडे. परवा शेटजी जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, झालं गेलं. आता किती दिवस?"

मी पोतं आडवं पाडलं.